डिस्क समोर, इन्स्टॉलरला मात्र दिसेना

सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना सर्वांत जास्त वेळ खाणारा संदेश अगदी छोटा असतो. विंडोज सर्व्हरचा इन्स्टॉलर सांगतो की एकही ड्राइव्ह सापडली नाही, ड्रायव्हर द्या. लिनक्सचा इन्स्टॉलर डिस्कची यादी उघडतो आणि ती रिकामी असते. व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय नेटवर्क कार्ड मिळाले नाही म्हणून तिथेच थांबतो. यंत्रात मात्र आठ-आठ डिस्क बसलेल्या असतात, त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत असतात, नेटवर्कची केबलही खटकन बसलेली असते. पहिला संशय डिस्कवर जातो आणि बहुतेक वेळा तो वाया जातो.

इन्स्टॉलर ही स्वतःच एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टीम असते. पेनड्राइव्हवरून किंवा डीव्हीडीवरून ती मेमरीत उतरते आणि येताना काही ड्रायव्हर बरोबर आणते. ज्या उपकरणाचा ड्रायव्हर तिच्याजवळ आहे तेवढेच तिला हाताळता येते. त्यामुळे ‘डिस्क सापडली नाही’ याचा अर्थ एवढाच, की या इन्स्टॉलरने त्याला ठाऊक असलेल्या वाटांनी शोध घेतला आणि वापरता येईल अशी डिस्क त्याच्या हाती लागली नाही. डिस्क खरोखर बिघडलेली असणे ही त्यातली एक शक्यता, तीही तुलनेने विरळ.

एखादी डिस्क त्या यादीत येण्याआधी बरेच टप्पे पार पडलेले असतात. तिला वीज मिळालेली असते, मदरबोर्डावरच्या फर्मवेअरने तिचा किंवा तिच्या कंट्रोलरचा पत्ता नोंदवलेला असतो, कंट्रोलरने ती पुढे दिलेली असते, ड्रायव्हरने तिचा ताबा घेतलेला असतो आणि शेवटी इन्स्टॉलरच्या स्वतःच्या नियमांत ती बसलेली असते. यांतला कुठलाही टप्पा चुकला तरी पडद्यावर येणारे वाक्य एकच. उपकरण कुठवर दिसते आणि कुठून पुढे दिसेनासे होते, एवढे आधी ठरवले तर निम्मे काम झालेले असते. पेचकस त्यानंतर हातात घ्यावा. प्रत्यक्षात उलटे चालते: आधी डिस्क बदलली जाते, मग केबल, मग कंट्रोलर, आणि संध्याकाळी कुणाला तरी ड्रायव्हरची आठवण होते.

घरच्या संगणकावर हा प्रसंग क्वचित येतो. तिथे डिस्क थेट मदरबोर्डाला जोडलेली असते आणि तिच्याशी बोलण्याची एएचसीआय किंवा एनव्हीएमई ही पद्धत सर्वांना ठाऊक असते. सर्व्हरमध्ये डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्या मधे बऱ्याचदा रेड कंट्रोलर बसलेला असतो. एक डिस्क गेली तरी माहिती जाऊ नये म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधणारे हे कार्ड. प्रत्येक कंपनीचे कार्ड वेगळे, पिढी वेगळी, ड्रायव्हरही वेगळा.

हे दुखणे जुने आहे. विंडोज २००० पासून विंडोज सर्व्हर २००३ पर्यंत इन्स्टॉलेशन सुरू होताना निळ्या पडद्याच्या तळाशी काही क्षणच एक ओळ दिसे: दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ६ दाबा. ती ओळ हुकली की सगळे पहिल्यापासून. ती साधली तर ड्रायव्हर फ्लॉपीवरच असावा लागे. सर्व्हरमधून फ्लॉपी ड्राइव्ह गायब होऊ लागल्यावर जुन्या इंजिनियरांनी दप्तरात यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह बाळगायला सुरुवात केली, तीही सगळ्या यंत्रांवर चालेल याची खात्री नसे. विंडोज सर्व्हर २००८ पासून पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर देण्याची सोय झाली आणि फ्लॉपीतून एकदाची सुटका झाली.

मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये असा घोळ तासाभरात निस्तरतो. शेजारच्या यंत्रावर ड्रायव्हर उतरवता येतो, दुसरे कार्ड कपाटात असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, राजवाडी होळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या काठीसारख्या सातपुड्यातल्या गावी हिशेब वेगळा होतो. खालून मोलगीच्या बाजूला चढायचे तर देवगोई घाट, पावसाळ्यात दरडी, आणि वर पोहोचल्यावर मोबाइलची रेंज मिळेल तेवढी. शाळेत इंटरनेटशिवाय धडे दाखवणारा छोटा सर्व्हर असो की दवाखान्यातल्या नोंदी ठेवणारा, तो बसवायला गेलेल्या माणसाजवळ बॅगेत जे असेल तेवढ्यावरच काम भागवावे लागते. विसरलेल्या एका फाइलसाठी पुन्हा घाट उतरावा लागू शकतो.

या जिल्ह्याचा आणि सर्व्हरचा संबंध तसा देशाच्या नोंदीत आहे. देशातली पहिली आधार कार्डे २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिली गेली. ती माहिती ठेवणारी यंत्रे मात्र बेंगळुरू आणि मानेसरच्या डेटा सेंटरांत आहेत. तिथे यंत्रे विकत घेतानाच जुळणीच्या याद्या तपासल्या जातात. मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि व्हीएमवेअर या तिघांच्याही अशा याद्या आहेत आणि त्यांत कुठले कार्ड कुठल्या आवृत्तीवर चालते हे नोंदवलेले असते. गावच्या शाळेला मिळणारा सर्व्हर असा निवडून येत नाही. तो कुणीतरी दिलेला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून घेतलेला, एखाद्या कंपनीने आठ-दहा वर्षे वापरून काढलेला असतो. जुने यंत्र आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम ही जोडीच न दिसणाऱ्या हार्डवेअरचे सर्वांत मोठे कारण आहे.

शोधाची सुरुवात इन्स्टॉलरच्या बाहेरून करावी. चांगल्या सर्व्हरच्या मदरबोर्डावर एक स्वतंत्र छोटा संगणक असतो. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ. मुख्य यंत्र बंद असले तरी सर्व्हरला वीज मिळत असली की तो जागा असतो. ब्राउझरमधून त्यात शिरले की मेमरीच्या पट्ट्या, प्रोसेसर, पंखे, कार्डे आणि बहुतेकदा डिस्कही क्रमवार दिसतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा इथे काहीच संबंध नसल्याने ही साक्ष निःपक्षपाती असते. डिस्क इथे दिसते आणि इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही, तर यंत्र उघडण्याची गरज नाही. दोन्हीकडे दिसत नसेल तर ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही. ही सोय नसलेल्या यंत्रात बायोसच्या किंवा यूईएफआयच्या पडद्यावरून हेच काम होते, थोडे कमी तपशिलात.

झाकण उघडायचे ठरले तर काही खास सर्व्हरी कारणे आधी पाहावीत. दोन प्रोसेसरांच्या मदरबोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसचे स्लॉट दोन्ही प्रोसेसरांत वाटलेले असतात, मेमरीचे खणही तसेच. खर्च वाचवण्यासाठी एकच प्रोसेसर बसवलेला असेल तर दुसऱ्याच्या वाट्याचे स्लॉट निर्जीव राहतात. त्यात घातलेले उत्तम कार्ड कुणालाच दिसत नाही, आणि अशी कार्डे दुकानात परत जातात, तिथे व्यवस्थित चालतात, मग दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात वाद होतो. कुठला स्लॉट कुठल्या प्रोसेसरचा हे झाकणाच्या आतल्या बाजूच्या चित्रात बहुधा छापलेले असते. ते वाचण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

डिस्कचेही असेच. अडीच इंची एनव्हीएमई डिस्क बाहेरून एसएएस डिस्कसारखीच दिसते, पण ती पीसीआय एक्स्प्रेसच्या तारांवरून बोलते. त्या खणापर्यंत अशा तारा आणलेल्या नसतील तर खण कितीही चांगला असला तरी डिस्क मुकी राहते. एम.२ आकाराच्या पट्ट्यांतही साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत आणि एका जातीचा स्लॉट दुसरीला चालेलच असे नाही. आणखी एक चकवा २०१६ च्या साटा ३.३ या मानकाने आणला. त्यानुसार बनवलेल्या काही डिस्कना वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की त्या बंदच राहतात. मोठ्या डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करता यावी म्हणून केलेली ही सोय. जुना पॉवर सप्लाय त्याच पिनवर ३.३ व्होल्ट सतत पुरवतो. परिणामी नवी कोरी डिस्क फिरतसुद्धा नाही आणि मेलेली समजून बाजूला ठेवली जाते.

विजेचे आणि तारांचे सगळे ठीक निघाले की पुढचा मुक्काम रेड कंट्रोलर. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. कंट्रोलरला आठही डिस्क दिसत असतात, पण त्याने त्यांतून काही बांधून दिलेले नसते, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमला शून्य दिसते. रेशनच्या गोदामात पोती किती रचली आहेत हे कार्डधारकाला कळत नाही, दुकानदार तराजूत घालील तेवढेच धान्य त्याच्यापुरते खरे, इथेही तसेच. यंत्र सुरू होताना कंट्रोलरच्या स्वतःच्या पडद्यात शिरून आभासी डिस्क तयार करावी लागते. दोन डिस्क असतील तर रेड १, जास्त असतील तर रेड ५, ६ किंवा १०. ती तयार झाली की इन्स्टॉलरला आठऐवजी एकच मोठी डिस्क दिसते, आणि तेच बरोबर असते. ज्यांना झेडएफएससारखी व्यवस्था वापरायची असते त्यांना उलट हवे असते: कंट्रोलरने मधे न पडता डिस्क जशाच्या तशा पुढे द्याव्यात. त्यासाठी कार्ड एचबीए पद्धतीत चालवावे लागते. काही कार्डांत ही निवड मेनूत मिळते, काहींत फर्मवेअरच बदलावे लागते आणि काही जुन्या कार्डांत ती मिळतच नाही.

वापरलेल्या डिस्क असतील तर त्यांच्यावर आधीच्या कंट्रोलरची खूण राहिलेली असते. नवा कंट्रोलर त्यांना परकी मांडणी म्हणून बाजूला ठेवतो आणि विचारतो: ही मांडणी आत घ्यायची की पुसायची? पुसली की डिस्क मोकळी होते आणि तिच्यावरची आधीची मांडणीही जाते. जुनी माहिती हवी असेल तर या प्रश्नावर घाईने बटण दाबू नये. त्याहून विचित्र प्रकार मोठ्या स्टोरेज यंत्रांतून काढलेल्या डिस्कचा. नेटअॅप आणि ईएमसी यांच्या अनेक यंत्रांत डिस्कचा प्रत्येक भाग नेहमीच्या ५१२ बाइटऐवजी ५२० बाइटचा ठेवत, कारण जास्तीच्या आठ बाइटांत तपासणीची माहिती राही. बाजारात या डिस्क स्वस्त मिळतात. कंट्रोलर त्यांना ओळखतो, नाव सांगतो, आकार सांगतो, आणि वापरायला नकार देतो. लिनक्सवरच्या एसजी_फॉरमॅट या आज्ञेने त्या पुन्हा ५१२ वर आणता येतात. मोठ्या डिस्कला त्यात कित्येक तास जातात आणि मधे वीज गेली तर सगळे पहिल्यापासून. काठीसारख्या ठिकाणी हे काम निघण्याआधी खालीच उरकून घ्यावे.

आता ड्रायव्हर. पीसीआय एक्स्प्रेसवर बसलेले प्रत्येक उपकरण आपली ओळख दोन क्रमांकांत सांगते, एक कंपनीचा आणि एक उपकरणाचा. इंटेलचा क्रमांक ८०८६, हे कंपनीने १९७८ च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचे नाव जपलेले. ब्रॉडकॉमचा १४ई४, रिअलटेकचा १०ईसी, एलएसआयचा १०००. हे क्रमांक वाचायला ड्रायव्हर लागत नाही, आणि सगळ्या तपासणीत हीच गोष्ट सर्वांत कामाची आहे. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये आल्ट आणि एफ२, किंवा त्यांच्यासोबत कंट्रोल दाबले की आज्ञा लिहिण्याचा काळा पडदा उघडतो. तिथे एलएसपीसीआय ही आज्ञा एनएनके या पर्यायासह दिली की प्रत्येक उपकरणाचे क्रमांक आणि त्याचा ताबा कुठल्या ड्रायव्हरकडे आहे हे दिसते. काही इन्स्टॉलरांत ही आज्ञा नसते, तिथे दुसऱ्या लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह लावावा. उपकरण यादीत आहे आणि ड्रायव्हरची जागा रिकामी आहे, तर दुखणे नेमके सापडले. उपकरण यादीतच नसेल तर परत मागे, स्लॉट आणि बायोसकडे. ड्रायव्हर लागलेला असूनही डिस्क नसेल तर डीमेसग या आज्ञेने कर्नेलच्या नोंदी वाचाव्यात, तिथे ड्रायव्हरने आपली तक्रार लिहून ठेवलेली असते.

विंडोजमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबले की असाच काळा पडदा मिळतो आणि डिस्कपार्टमधून डिस्कची यादी पाहता येते. ड्रायव्हर देण्यासाठी ‘लोड ड्रायव्हर’ हे बटण असते. इथे एक चूक सारखी होते: कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली ईएक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकली जाते. इन्स्टॉलरला ती उघडता येत नाही. त्याला आयएनएफ, एसवायएस आणि सीएटी या जातीच्या सुट्या फाइली लागतात, म्हणून ईएक्सई आधीच दुसऱ्या संगणकावर सोडवून घ्यावी लागते. इंटेलच्या व्हीएमडीचे उदाहरण सध्या सर्वांत जास्त भेटते. २०१७ पासूनच्या झिऑन स्केलेबल प्रोसेसरांत आणि अकराव्या पिढीपासूनच्या कोअर प्रोसेसरांत ही सोय आहे. ती चालू असली की एनव्हीएमई डिस्क व्हीएमडीच्या आड जातात, आणि विंडोजच्या अनेक आवृत्त्यांच्या इन्स्टॉलरांत तिचा ड्रायव्हर नसल्याने यादी कोरी राहते. इंटेलचा ड्रायव्हर दिला की डिस्क हजर. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद केले तरी काम भागते, मात्र त्याच्यावर आधीच रेड बांधलेले असेल तर ते मोडते. इंटरनेटवर मिळणारा सल्ला बहुधा बंद करण्याचाच असतो.

नव्या यंत्राला जुनी सिस्टीम ओळखत नाही, हे समजण्यासारखे आहे. जुन्या यंत्राला नवी सिस्टीम ओळखत नाही, हे मात्र अनेकांना अन्यायाचे वाटते, आणि ते फारसे चूकही नाही. रेड हॅटने मे २०१९ मध्ये आणलेल्या आठव्या आवृत्तीत बऱ्याच जुन्या कंट्रोलरांचा आधार काढून टाकला. एलएसआयच्या एसएएस २००८ चिपवरची कार्डे, डेलची पर्क ६ आणि एच३१० ही त्यांत गेली. कार्ड ठणठणीत, सातव्या आवृत्तीत चालणारे, आठवीत डिस्कच नाही. वापरलेल्या सर्व्हरांच्या बाजारात हीच कार्डे ढिगाने फिरतात. ईएलरेपो या स्वयंसेवी प्रकल्पाने अशा कार्डांसाठी ड्रायव्हरच्या वेगळ्या आयएसओ फाइली उपलब्ध केल्या. इन्स्टॉलर सुरू करताना आयएनएसटी डॉट डीडी हा पर्याय लिहून त्या देता येतात. पुढे २०२४ मध्ये अल्मालिनक्सने ९.४ या आवृत्तीत अशा अनेक जुन्या उपकरणांचा आधार परत आणला. व्हीएमवेअरनेही एप्रिल २०२० च्या ईएसएक्सआय ७ मध्ये लिनक्सकडून उसने घेतलेल्या ड्रायव्हरांची जुनी चौकट काढली, आणि तिच्या भरवशावर चाललेली रिअलटेकसारखी स्वस्त नेटवर्क कार्डे एका फटक्यात दिसेनाशी झाली. नवीच आवृत्ती बसवायची हा हट्ट जुन्या यंत्रापाशी सोडावा लागतो. अजून सुरक्षेची दुरुस्ती मिळत असलेली जुनी आवृत्ती हा तिथे शहाणा पर्याय असतो.

ड्रायव्हर आहे तरीही उपकरण चालत नाही असा एक मधला प्रकार आहे. काही कार्डांना सुरू होताना स्वतःच्या आत फर्मवेअर भरून घ्यावे लागते आणि ते ड्रायव्हरने बाहेरून पुरवायचे असते. ब्रॉडकॉमची नेटएक्स्ट्रीम २ मालिका अशीच. डेलच्या आर७१० सारख्या, एके काळी सगळीकडे दिसणाऱ्या सर्व्हरवर हीच कार्डे होती. डेबियनमध्ये त्यांचा ड्रायव्हर होता, पण फर्मवेअर मुक्त परवान्याचे नसल्याने अधिकृत इन्स्टॉलरात ठेवले जात नसे. इन्स्टॉलर फाइलचे नाव सांगून पेनड्राइव्ह मागे आणि बसवणारा गोंधळून जाई, कारण ती फाइल आणायची तर इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी तेच कार्ड हवे. हा पेच डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन सोडवला. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरातच मिळते. तत्त्वाला थोडी मुरड पडली, पण डोंगरात सर्व्हर बसवणाऱ्याची सोय झाली.

नेटवर्क कार्डांत आणखी एक खोड आहे. फायबरच्या केबलसाठी लागणारे एसएफपी मॉड्यूल दुसऱ्या कंपनीचे असेल तर इंटेलच्या एक्स५२० कार्डाचा लिनक्समधला ड्रायव्हर ते नाकारतो, आणि नुसते मॉड्यूल नाकारून थांबत नाही, त्या पोर्टवर ड्रायव्हर सुरूच होत नाही. दिसायला कार्ड गेल्यासारखे वाटते. मॉड्यूल काढून यंत्र पुन्हा सुरू केले की कार्ड परत येते. परक्या मॉड्यूलला परवानगी देणारा एक पर्यायही त्या ड्रायव्हरमध्ये आहे.

सर्व्हरांच्या मोठ्या समूहांत पेनड्राइव्हने काम होत नाही. सी-डॅकने पुण्यात १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तेव्हापासून अनेक प्रोसेसर जोडून एक महासंगणक करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र यंत्रांपैकी पुण्याचे यंत्र नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी आहे आणि त्यात सी-डॅकने आखलेले रुद्र सर्व्हर आहेत. अशा समूहांत सर्व्हर नेटवर्कवरूनच बूट करण्याची रीत असते, तिला पीएक्सई म्हणतात. तिथे एक चकवणारे लक्षण दिसते: सर्व्हर नेटवर्कवरून इन्स्टॉलर व्यवस्थित उतरवतो, आणि इन्स्टॉलर सुरू झाल्याबरोबर म्हणतो की नेटवर्क कार्ड नाही. आत्ता तर त्याच कार्डावरून तू आलास, असे म्हणावेसे वाटते. उलगडा सोपा आहे. पहिल्या टप्प्यात कार्ड चालवतो तो कार्डाच्या रॉममधला किंवा यूईएफआयमधला ड्रायव्हर. कर्नेल ताबा घेतो तेव्हा तो बाजूला होतो आणि कर्नेलजवळ स्वतःचा नसतो. अशा वेळी नेटवर्कवरून पाठवलेल्या सुरुवातीच्या प्रतिमेतच ड्रायव्हर मिसळावा लागतो.

कळफलकही कधी असाच दगा देतो. विंडोज ७ आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२ यांच्या इन्स्टॉलरांत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून चिपसेटमधला जुना यूएसबी कंट्रोलर गेला. त्यामुळे इन्स्टॉलरचा पडदा येईपर्यंत कळफलक चालायचा आणि भाषा निवडायची वेळ आली की मुका व्हायचा.

सगळे दिसते आणि तरीही इन्स्टॉलर डिस्क देत नाही, तेव्हा अडचण नियमांची असते. जुन्या बायोस पद्धतीने बूट केलेल्या विंडोज इन्स्टॉलरला जीपीटी पद्धतीने विभागलेली डिस्क दिसते पण चालत नाही, यूईएफआयने बूट केल्यास एमबीआर डिस्क चालत नाही. एमबीआरची मर्यादा २ टीबीच्या आसपास असल्याने मोठ्या आभासी डिस्कवर यूईएफआयच धरावे. लिनक्सचे काही इन्स्टॉलर जुन्या सॉफ्टवेअर रेडचे अवशेष असलेली डिस्क वेगळी दाखवतात किंवा एखाद्या गटाचा भाग म्हणून लपवतात. वाइपएफएस या आज्ञेने त्या खुणा पुसता येतात, अर्थात माहितीसकट. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नेल आतच घेत नाही. बाहेरून आणलेला ड्रायव्हर व्यवस्थित दिला तरी काहीच घडत नसेल तर हे एकदा पाहावे.

डोंगरात जाताना बॅगेत काय असावे याचे उत्तर यातूनच निघते. यंत्राची उपकरण-क्रमांकांची यादी आधी मागवून घ्यावी. ती मिळत नसेल तर कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड यांच्यावरचे लेबल मोबाइलवर फोटो काढून मागवावे, कुणालाही ते जमते. मग कंट्रोलरचे आणि नेटवर्कचे ड्रायव्हर सुट्या फाइलींच्या रूपात, यंत्राच्या ताज्या फर्मवेअरची प्रत, ठरवलेल्या आवृत्तीबरोबर एक जुनी आवृत्ती, लाइव्ह लिनक्सचा एक पेनड्राइव्ह आणि सर्वत्र ओळखले जाणारे एखादे यूएसबी नेटवर्क कार्ड एवढे न्यावे. रेंज असेल तर अँड्रॉइड फोनही कामी येतो. केबलने जोडून टेदरिंग चालू केले की लिनक्सला तो नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो आणि राहिलेली फाइल उतरवता येते.

इन्स्टॉलेशन पुरे झाले तरी एक धोका राहतो. इन्स्टॉलरला बाहेरून दिलेला ड्रायव्हर बसवलेल्या सिस्टीममध्येही उतरला आहे की नाही हे पहिल्या रीस्टार्टला कळते. नसेल तर विंडोज बूट डिस्क सापडत नसल्याची निळी पाटी दाखवते, तिचा क्रमांक ७बी. लिनक्स डिस्कची वाट पाहत थांबते आणि मग आणीबाणीच्या पडद्यावर येते. लिनक्समध्ये इनिटरॅमएफएस या सुरुवातीच्या प्रतिमेत तो ड्रायव्हर घालून ती पुन्हा बांधावी लागते. हीच गोष्ट काही महिन्यांनी पुन्हा उद्भवू शकते, कारण कर्नेलची नवी आवृत्ती आपोआप आली आणि बाहेरचा ड्रायव्हर तिच्यासाठी बांधलेला नसला तर सर्व्हर एका सकाळी उठतच नाही. म्हणून अशा यंत्रावर कर्नेलचे आपोआप होणारे अपडेट थांबवून ठेवतात किंवा ड्रायव्हर दर वेळी नव्याने बांधणारी डीकेएमएससारखी व्यवस्था बसवतात. निघण्याआधी नुसते रीस्टार्ट करून भागत नाही. काही कार्डे वीज चालू असेतो आधी भरलेले फर्मवेअर धरून ठेवतात आणि गरम रीस्टार्टमध्ये ठीक दिसतात. केबल काढून, पाचेक मिनिटे थांबून, यंत्र थंड अवस्थेतून सुरू करावे आणि डिस्क, नेटवर्क, मेमरी तिन्ही मोजून घ्यावीत. वीज गेल्यावर आणि परत आल्यावर, जवळ कुणी जाणकार नसताना, यंत्राला नेमक्या याच अवस्थेतून उठायचे असते.